सामान कोण सांभाळणार?



सुट्ट्या जवळ आल्या की सत्संगानंतरच्या गप्पांचा विषय बदलतो. कुणी काशीचे तिकीट मिळाले का ते विचारते, कुणी सोमनाथ-द्वारकेचा बेत सांगते, कुणाला यंदा आईवडिलांना दक्षिणेकडची मंदिरे दाखवायची असतात. बेत ठरतो, गाडी ठरते, राहण्याची सोय होते. पिशवीत काय भरायचे हे मात्र निघण्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता ठरते, आणि ते ठरवताना मनात एकच विचार असतो : असू दे बरोबर, लागलं तर?

आज आपण या ‘लागलं तर’कडे थोडे नीट पाहू या.

देशातल्या बहुतेक मोठ्या तीर्थस्थानी आता आपण घरून निघालो तसेच्या तसे आत जाऊ शकत नाही. काशी विश्वनाथाच्या मंदिरात मोबाइल, कॅमेरा आणि बॅग नेता येत नाही. खिशाला लावलेले पेनसुद्धा काढून ठेवावे लागते. सोमनाथला मोबाइल आणि सामान बाहेर जमा करूनच रांगेत उभे राहायचे असते. जगन्नाथपुरीला मोबाइलबरोबर चामड्याच्या वस्तूही बाहेर, म्हणजे कमरेचा पट्टा आणि पैशाचे पाकीट यांचा विचार आधीच करायला हवा. वैष्णोदेवीला कटऱ्यापासून सुमारे 13 किलोमीटर चढून गेल्यावर, दर्शनाच्या आधी, सगळे काही क्लोकरूममध्ये ठेवावे लागते. मदुराई खंडपीठाने 2022 च्या डिसेंबरमध्ये तमिळनाडूतल्या मंदिरांत मोबाइलवर बंदी घालण्याचा आदेश दिला. आपल्याकडे शिर्डीलाही समाधी मंदिरात मोबाइल चालत नाही. निव्वळ प्रेक्षणीय स्थळ पाहायला गेलात तरी फारसा फरक नाही. ताजमहालात खाण्याचे पदार्थ, तंबाखू, काडेपेटी, लायटर, चाकू, कॅमेऱ्याचे तिपाई स्टँड यांतले काहीही आत जात नाही.

हे नियम कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर 24 सप्टेंबर 2002 रोजी हल्ला झाला. काशीच्या संकटमोचन मंदिरात 7 मार्च 2006 रोजी स्फोट झाला आणि 2010 च्या डिसेंबरमध्ये तिथल्याच शीतला घाटावर गंगा आरती चालू असताना पुन्हा एक. बोधगयेच्या महाबोधी मंदिर परिसरात 7 जुलै 2013 च्या पहाटे एकापाठोपाठ एक स्फोट झाले. आज बोधिवृक्षाजवळ जाण्याआधी आपण मोबाइल जमा करतो, तेव्हा त्या पहाटेचा विचार आपल्या मनात नसतो, पण त्या खिडकीमागे ती पहाट उभी असते. म्हणून तपासणीच्या दाराशी ‘आम्ही काय अतिरेकी दिसतो का?’ असे म्हणून तणतणू नये. स्त्रियांच्या तपासणीच्या त्या छोट्या आडोशात जी महिला शिपाई दिवसभर उभी असते, ती गाभाऱ्यापासून आपल्याहून जवळ असते आणि तरीही दिवसाचे सगळे तास तिचे तोंड आपल्याकडे आणि पाठ देवाकडे असते. तिला एक नमस्कार करून पुढे जायला आपले काय जाते?

पण हा लेख सुरक्षेपेक्षा दुसऱ्याच एका व्यक्तीबद्दल आहे.

कुठल्याही मोठ्या मंदिराबाहेर, रांग सुरू होते त्या ठिकाणी जरा थांबून पाहा. भिंतीच्या कडेला, सावलीच्या तुकड्यात, पाच-सहा बॅगांच्या मधोमध कुणीतरी बसलेले असते. बहुधा ती एखादी आजी असते, किंवा घरातली थोरली सून, किंवा ‘माझे गुडघे दुखतात, तुम्ही या जाऊन’ असे म्हणणारी आत्या. तिच्या मांडीवर चार मोबाइल असतात, बाजूला चपलांचे सात जोड, शिवाय एक पाण्याची बाटली आणि उरलेल्या चकल्यांचा डबा. आत गेलेले दोन तासांनी येतात, कपाळाला गंध लावलेले, प्रसन्न. ‘काय सुंदर दर्शन झालं!’ असे तिला सांगतात. मग कुणीतरी घड्याळ पाहते. गाडीची वेळ झालेली असते. ‘तुला जायचंय का आत? पटकन जाऊन ये.’ ती म्हणते, ‘नको, इथूनच कळसाला नमस्कार केला मी.’

आपण हे वाक्य ऐकतो आणि पुढे चालू लागतो. तिच्या भक्तीचे कौतुकही करतो.

साधकहो, कळसाचे दर्शन हे दर्शनच आहे, यात शंका नाही. सेवेने बाहेर बसणाऱ्याला आत गेलेल्यापेक्षा काकणभर अधिक मिळत असेल, हेही मी मानते. पंढरपूरच्या पुंडलिकाची कथा आपण सगळे जाणतो : तो आईवडिलांच्या सेवेत होता आणि देवच बाहेर विटेवर थांबला. पण पुंडलिकाने ती सेवा स्वतः निवडली होती. आपल्या घरातल्या त्या आत्याने निवडली आहे का? की दरवेळी तीच बसते म्हणून याही वेळी तीच बसली? आणि ज्या सामानासाठी ती बसली, त्यातले नेमके काय तिच्या दर्शनापेक्षा मोलाचे होते? चकल्यांचा डबा? तिसऱ्या मोबाइलचा चार्जर? आदल्या दिवशी घेतलेल्या साड्या?

मी वाणिज्य शाखेत शिकते. आमच्याकडे मालाच्या साठ्याविषयी एक गोष्ट सुरुवातीलाच शिकवतात. माल घेताना जे पैसे मोजले तेवढीच त्याची किंमत नसते. तो पडून असेपर्यंत जागेचे भाडे, राखणदाराचा पगार, विमा, खराबी असा सांभाळण्याचा खर्च चढतच जातो. म्हणून हुशार व्यापारी ‘लागेल’ म्हणून गोदाम भरत नाही, लागेल तेव्हा आणतो. वर्गात हे ऐकताना मला राहून राहून मंदिराबाहेरची ती आत्या दिसायची. आपल्या पिशवीतल्या प्रत्येक वस्तूलाही असा सांभाळण्याचा खर्च असतो. फक्त तो आपण भरत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यातून जातो, आणि हिशोबाच्या वहीत त्याची नोंदही होत नाही.

आपल्या शास्त्रांनी या विषयाला एक नेमका शब्द दिला आहे, अपरिग्रह. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच यमांपैकी हा पाचवा. जैन परंपरेत पाच महाव्रतांतले पाचवे. आपल्या लेखांचा मराठीत अनुवाद करताना हा शब्द आला की मी नेहमी अडखळते. ‘संग्रह न करणे’ असे लिहून टाकले जाते, पण त्याने अर्थ पुरा होत नाही. ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी आणि ‘ग्रह’ म्हणजे पकडणे. परिग्रह म्हणजे चहूबाजूंनी मारलेली मिठी. वस्तू जवळ असणे वेगळे आणि तिला अशी मिठी मारणे वेगळे. पतंजली या यमाचे जे फळ सांगतात तेही विलक्षण आहे. अपरिग्रह स्थिर झाला की आपला जन्म का आणि कसा, याचा उलगडा होतो, असे ते म्हणतात. चार वस्तू कमी करण्याचा आणि जन्माच्या कोड्याचा काय संबंध, असे वाटेल. पण हातातल्या वस्तू मोजण्यातच ज्याचे लक्ष गुंतले आहे, त्याला ‘मी इथे कशासाठी आलो’ हा प्रश्न पडायला फुरसत तरी कुठे मिळते? मंदिराच्या रांगेत उभे राहून लॉकरची किल्ली दर दोन मिनिटांनी चाचपणाऱ्या माणसाकडे पाहिले की पतंजलींचे म्हणणे पटू लागते.

आता कुणी म्हणेल, हे संन्याशांसाठी ठीक आहे. बौद्ध भिक्षूला आठच वस्तूंची मुभा होती : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे फडके. आपण संसारी माणसे, लहान मुले, म्हातारी माणसे, औषधे, डबे घेऊन निघतो. हा आक्षेप खरा आहे, आणि जैन आचार्यांनी तो फार पूर्वी ऐकून घेतला आहे. मुनींसाठी त्यांनी पूर्ण अपरिग्रह ठेवला, पण गृहस्थासाठी व्रताचे नावच बदलले : परिग्रह-परिमाण. परिमाण म्हणजे माप. सगळे सोडू नकोस, पण माझ्यासाठी किती पुरे हे आधी ठरव आणि त्या मापाच्या आत राहा. प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबासाठी मला हे व्रत फार व्यवहार्य वाटते. माप आधी ठरते, सामान नंतर भरले जाते. आपण नेमके उलटे करतो. सामान भरत जातो आणि जिची चेन लागत नाही ती बॅग आपल्याला माप शिकवते.

असे माप ठरलेली एक यात्रा आजही आपल्या देशात चालते, आणि ती पाहण्यासारखी आहे. शबरीमलेला जाणारा अय्यप्पाचा भक्त 41 दिवसांचे व्रत करतो आणि निघताना डोक्यावर एक गाठोडे घेतो. त्याला इरुमुडी म्हणतात. त्याला दोन कप्पे असतात. पुढच्या कप्प्यात देवासाठी न्यायच्या वस्तू, त्यात मुख्य म्हणजे तूप भरलेला नारळ. मागच्या कप्प्यात स्वतःच्या वाटेपुरता शिधा. वाट सरते तसा मागचा कप्पा रिकामा होत जातो, पुढचा मात्र तसाच राहतो. हे गाठोडे डोक्यावर असल्याशिवाय मंदिरापुढच्या अठरा पवित्र पायऱ्या चढता येत नाहीत. वर पोहोचल्यावर नारळ फोडतात, तुपाचा अभिषेक होतो आणि रिकामी करवंटी अग्नीत जाते. म्हणजे भक्त जे घेऊन आला त्यातले बरेचसे तिथेच संपते.

या गाठोड्याची गाठ आधुनिक नियमांशीही पडली. विमानात हातातल्या सामानात नारळ नेता येत नाही. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने शबरीमलेच्या यात्रेकरूंसाठी, ठरावीक मुदतीपुरती, इरुमुडीतला नारळ तपासणी करून सोबत नेण्याची सवलत दिली. बाकी आपण सर्वांनी लक्षात ठेवायचे ते असे की सुके खोबरे विमानाच्या कुठल्याच सामानात घालू नये. त्यातल्या तेलामुळे ते ज्वलनशील धरले जाते. प्रसादाच्या पुडीत खोबऱ्याचे तुकडे असतील तर ते विमानतळाच्या आधीच वाटून खाऊन टाकावेत. पॉवर बँक मोठ्या बॅगेत नव्हे, हातातल्या सामानात ठेवावी.

पुन्हा काशीकडे वळू, कारण महाराष्ट्राचे काशीशी असलेले नाते जुने आहे. आज आपण ज्या विश्वनाथ मंदिरात जातो ते अहिल्याबाई होळकरांनी 1780 मध्ये उभारले. त्याच्याही दोनशे वर्षे आधी, 1573 मध्ये, एकनाथ महाराजांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची आपली मराठी टीका पैठणला सुरू करून काशीत पुरी केली. याच अकराव्या स्कंधात अवधूताची कथा आहे. यदुराजा एका निश्चिंत अवधूताला विचारतो, तुझ्याजवळ काहीच नाही, मग तू इतका आनंदात कसा? अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, मधमाशी आहे, आणि कुरर नावाचा एक पक्षी आहे. या कुरराच्या चोचीत मांसाचा तुकडा असतो. ज्यांच्याजवळ मांस नाही असे दांडगे पक्षी त्याच्या मागे लागतात, टोचतात, घेरतात. शेवटी तो तुकडा सोडून देतो. त्या क्षणी सगळे त्याला सोडून तुकड्यामागे जातात आणि आकाश त्याच्यासाठी मोकळे होते.

काशीच्या गल्लीत हातात मोठी बॅग घेऊन शिरा आणि या कुरराची आठवण येते का ते पाहा. चार बाजूंनी हाका सुरू होतात : इकडे या, लॉकर आहे, मोफत आहे. मोफत म्हणजे त्यांच्याकडून प्रसादाची टोपली घेतली तर मोफत. टोपलीची किंमत तुमच्या हातातल्या बॅगेकडे पाहून ठरते, असे म्हटले तर फार चुकीचे होणार नाही. दुकानदाराला दोष देण्याचे कारण नाही, त्याचेही पोट आहे. पण ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत आणि ज्याचा फोन निवासाच्या खोलीत कुलूपबंद आहे, त्याला कुणी हाक मारत नाही. तो फुलांची एक माळ हातात घेऊन सरळ रांगेत जाऊन उभा राहतो.

तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात तर पुरुषांना अंगात सदराही ठेवता येत नाही. मुंडू नेसून उघड्या अंगाने आत जायचे; स्त्रियांनी साडी किंवा तसाच पारंपरिक वेष. खिसाच नाही, मग खिशात काय ठेवणार? याच मंदिराची तळघरे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडली गेली आणि आतले सोने-जवाहिर पाहून सगळे जग थक्क झाले. पिढ्यानपिढ्या त्या संपत्तीजवळून भक्त उघड्या खांद्यांनी चालत गेले, आणि तिथे झोपलेल्या पद्मनाभाला तीन दारांतून पाहून परत आले.

दिल्लीच्या अक्षरधामला वस्तू जमा करताना एक फॉर्म भरावा लागतो. आपल्याजवळ काय काय आहे ते त्यात लिहायचे. लोक त्याला कंटाळतात. मला तो फॉर्म आवडतो. हातातले सगळे एका कागदावर मांडायची वेळ एरवी आपल्यावर केव्हा येते? एक सुचवते : तो फॉर्म घरीच भरून पाहा. निघण्याच्या आधी चार दिवस एका कागदावर सगळ्यांनी मिळून लिहा, काय नेणार. मग प्रत्येक वस्तूपुढे एकच गोष्ट लिहा, मंदिरात जाताना ही कोण सांभाळणार. नाव लिहायचे, ‘बघू’ लिहायचे नाही. माझा अंदाज आहे की यादीतल्या निम्म्या वस्तू तिथेच खोडल्या जातील, आणि उरलेल्यांपुढे एकच नाव पुन्हा पुन्हा आले तर घरातले सगळे एकमेकांकडे पाहतील.

हलके निघणे म्हणजे बेफिकीर निघणे मात्र नव्हे. घरात कुणाला मधुमेह असेल, हृदयाची गोळी जवळ ठेवावी लागत असेल, तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह अंगावरच ठेवावी आणि तपासणीच्या वेळी आपणहून दाखवावी. लपवून नेऊ नये आणि मागेही ठेवू नये. फोन जमा केला की त्याच्याबरोबर खिशातली बँकही जमा होते, हे तरुण मुले हमखास विसरतात. म्हणून थोडी सुटी रोख रक्कम प्रत्येकाजवळ हवी. ओळखपत्र आणि दर्शनाच्या नोंदणीची छापील प्रत हवी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोन नसताना चुकामूक झाली तर भेटायचे कुठे हे आत जाण्याआधीच, बोट दाखवून, ठरवावे. ‘बाहेर भेटू’ पुरेसे नाही. काशीला आणि पुरीला ‘बाहेर’ला अनेक दारे आहेत. आजी-आजोबांच्या आणि लहान मुलांच्या खिशात एका चिठ्ठीवर निवासाचे नाव आणि दोन फोन नंबर लिहून ठेवावेत. आपल्यापैकी कितीजणांना घरातल्या माणसाचा नंबर तोंडपाठ आहे, हे सत्संगात विचारून पाहा. हसू येईल, पण तीन तास हरवलेल्या आजोबांना शोधताना हसू येत नाही.

खरेदी शेवटच्या दिवशी, दर्शनानंतर करावी. काशीची साडी सोमवारी घेतली काय आणि बुधवारी घेतली काय, ती तीच असते. डबा सकाळी निवासावरच संपवावा. दागिने घरी ठेवावेत. पंढरीच्या वाटेवर चालणारा वारकरी आपल्याला हलका वाटतो, पण खरे सांगायचे तर त्याचे अंथरूण-पांघरूण दिंडीच्या ट्रकमध्ये असते, आणि त्यात काही कमीपणा नाही. सामान कुठे ठेवायचे याची सोय आधी झाली आहे, म्हणून त्याचे हात टाळ वाजवायला मोकळे आहेत. आपणही बॅगा निवासावर ठेवाव्यात, आणि निवास सोडण्याच्या दिवशी दर्शन ठरवू नये. बहुतेक घोटाळा तिथेच होतो. अगदीच वेळ आली तर मंदिर संस्थानाच्या अधिकृत क्लोकरूममध्ये पावती घेऊन ठेवाव्यात.

इतके करूनही कुणाला तरी बाहेर बसावे लागेल. तान्हे मूल असेल, कुणाला बरे नसेल. मग पाळी लावावी, आणि पहिल्या तुकडीत कुणी जायचे हे मोठ्याने बोलून ठरवावे. दुसऱ्या तुकडीला वेळ उरत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे. तेव्हा या वेळी निघण्यापूर्वी घरात विचारा की मागच्या यात्रेत बाहेर कोण बसले होते. त्यांना आठवायला वेळ लागणार नाही. या वेळी रांगेत त्यांना सर्वांत पुढे उभे करा, आणि त्यांच्या खांद्यावरची पिशवी, असलीच तर, आधी काढून घ्या.